सोपानतात्यांकडे मॅच अजून चालू आहे

सणसरच्या शाळेवर बदली झाली तेव्हा मी सोपानतात्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी तात्यांनी मला क्रिकेटची मॅच बघायला बोलावलं. फायनल होती. सगळं मैदान निळं झालेलं होतं आणि आपला कप्तान असा काही मारत होता की बघणाऱ्याने एका जागी बसणं कठीण. तात्या मात्र खाटेवर मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, भजन ऐकावं तसे डुलत होते. गोलंदाज पुढचा चेंडू टाकायला धावत निघाला, तेवढ्यात त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"बास," ते म्हणाले. "आज एवढंच."

मी म्हटलं, तात्या, पुढे काय होतं ते बघायचं नाही का? त्यावर ते समाधानाने म्हणाले, "पुढं काय व्हायचंय? चालू हाय की."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही फायनल मी आधी पाहिलेली होती. बारामतीला माहेरी, घरातली झाडून सगळी माणसं टीव्हीपुढे बसलेली असताना. शेवटी ते एवढं मोठं मैदान गप्प झालं होतं आणि माझा भाऊ न जेवता झोपला होता. तात्यांकडे तिचं रेकॉर्डिंग होतं. वालचंदनगरला असलेल्या जावयाने पेन ड्राइव्हवर भरून दिलेलं. आणि कप्तान बाद होण्याच्या आधीचा तो चेंडू तात्यांना पाठ होता.

"तात्या, ही मॅच आपण हरलोय."

"तुमच्याकडं हरला असाल, बाई," तात्या जरासुद्धा न चिडता म्हणाले. "माझ्याकडं अजून चालू हाय."

तात्यांचं वय पासष्टच्या पुढे. अंगाने अजून रुंद, दोन्ही कान मुडपून घट्ट झालेले, जुन्या पैलवानाचे असतात तसे. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. तात्यांच्या वडिलांपर्यंत या घरात मेंढरं होती. आता कालव्याच्या कडेला डाळिंबाची बाग आहे. बागेचं काम तात्या मन लावून करतात. ते संपलं की हात धुऊन टीव्हीपुढे बसतात आणि कुठली तरी हरलेली मॅच जिथे चांगली चालली होती तिथपर्यंत बघतात.

जिंकलेल्या मॅचेस ते बघत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "त्यांचं झालं की, बाई. त्यांस्नी आपली काय गरज?"

त्या पेन ड्राइव्हमध्ये एक धावणारी मुलगी होती. तिचं पदक केसाएवढ्या अंतराने हुकलं होतं, हे साऱ्या देशाला माहीत होतं. तात्यांच्या घरात तिचं काहीही हुकलेलं नव्हतं. शेवटच्या वळणावर ती पुढे झुकली की टीव्ही बंद. तात्यांच्या बायकोला, हौसाकाकींना, त्या मुलीची फार काळजी. जेवायला वाढता वाढता त्या म्हणायच्या, "किती वरसं पळवताय तिला? येकदा पोचू द्या की घरी." तात्या घास हातात धरून म्हणायचे, "पोचली की संपलं." मला तिथे बसून खरोखरच वाटायचं, की बाहेर उसाच्या कडेने कोणीतरी पळत चाललं आहे आणि तिला थांबवायचं कोणाच्याही मनात नाही.

हे वेड टीव्ही आल्यावरचं नव्हे. तरुणपणी जत्रेत तंबूतला सिनेमा आला की तात्या रोज जायचे आणि मध्यंतरात उठून यायचे. मध्यंतरापर्यंत सगळी माणसं जिवंत असतात, घरं जळालेली नसतात आणि नायक-नायिका विहिरीवर गाणं म्हणत असतात. तात्या आजही एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगतात ती तशी, अर्धी आणि सुखाची. हौसाकाकींना लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हाही त्यांनी मध्यंतरात हात धरून उठवलं होतं. काकी दुसऱ्या दिवशी नणंदेला घेऊन गुपचूप गेल्या आणि उरलेला बघून आल्या.

"मग काय झालं त्यात?" मी विचारलं.

काकींनी चुलीकडे बघत आवाज बारीक केला. "ती मेली की, बाई. पर यांस्नी आजपतूर सांगितलं न्हाय. सांगितलं तर दोन दीस जेवायचे न्हाईत."

शाळेत मी तात्यांना क्रीडादिनाला पाहुणे म्हणून बोलावलं, ही माझी चूक. पैलवान माणूस, मुलांना व्यायामाचं महत्त्व सांगेल असं वाटलं होतं. तात्यांनी व्यायामाला दोन मिनिटं दिली आणि उरलेला वेळ त्या फायनलचं वर्णन केलं. कप्तानाचा प्रत्येक फटका त्यांनी हाताने मारून दाखवला. पाचवी-सहावीची मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. पुढच्या आठवड्यात सामान्यज्ञानाच्या चाचणीत प्रश्न होता, की आपल्या देशात झालेला विश्वचषक कोणी जिंकला. अर्ध्या वर्गाने उत्तर लिहिलं, 'मॅच चालू आहे.' हेडसरांनी मला बोलावून ते सगळे पेपर एकेक करून माझ्यापुढे ठेवले.

क्रीडादिनालाच मुलींची धावण्याची शर्यतही होती आणि शेवटची रिबीन धरायचा मान तात्यांना दिला होता. दुसरं टोक मी धरलं होतं. पुढच्या तिघी जवळ आल्या तसे तात्या रिबीन घेऊन मागे सरकायला लागले. मला कळेना. मीही सरकले. आम्ही दोघं रिबीन ताणून मागे मागे जात जात शाळेच्या कुंपणाला टेकलो, तोवर सगळ्यात मागे पडलेली जाडजूड मुलगी इतरांना येऊन मिळाली होती. सगळ्या एकदमच रिबिनीवर आदळल्या. पहिला नंबर कोणाचा यावर आई-बापांची हुज्जत झाली. तात्या कुंपणाला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

तात्यांच्या ओसरीवर एक फोटो आहे. जत्रेचं मैदान, लाल माती, मधे पंच, आणि पंचाच्या दोन बाजूंना मातीने माखलेले दोन तरुण पैलवान. पंचाने दोघांचेही हात वर धरलेत. एक तात्या. दुसरे बावड्याचे यशवंतराव. चाळीस वर्षांपूर्वीची ही कुस्ती बरोबरीत सुटली, आणि इंदापूर तालुक्यात अजून तिचं नाव निघतं. कुठल्याही जत्रेत माइकवर तात्यांची ओळख करून देताना, 'यशवंतरावांशी बरोबरी केलेले' असंच सांगतात. यशवंतराव त्या काळी कोणाला दाद न देणारे होते.

मी एकदा गमतीने म्हटलं, ही पण अजून चालू असेल. तात्या नेहमीसारखे हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. फोटो जरा वाकडा झाला होता, तो त्यांनी सरळ केला आणि बागेत निघून गेले.

नंतर काकींनी सांगितलं. त्या कुस्तीनंतर तात्या बावड्याला गेलेले नाहीत. अकलूजला जायचं झालं तरी बावड्याचा रस्ता सोडून लांबून जातात. एका लग्नात दोघं एका पंगतीत समोरासमोर आले, तर तात्या जिलबीचं ताट सोडून उठले. काकींना वाटायचं, कुस्तीची काही तेढ असेल. "पर त्यो बाबा कधी वाईट बोलला न्हाय," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला निरोप धाडतो, सोपाना बरा हाय का म्हणून."

गेल्या हिवाळ्यात इंदापूरच्या काही मंडळींनी ठरवलं, की तालुक्याच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा. ते आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी ओसरीवरच पेपर तपासत बसले होते. सोपानतात्या आणि यशवंतराव या जोडीचा सत्कार सगळ्यात शेवटी ठेवला होता, आणि त्यांच्याकडे एक खास गोष्ट होती. बारामतीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याला वडिलांच्या कपाटात जुन्या व्हिडिओ कॅसेट सापडल्या होत्या. त्यात त्या जत्रेची कॅसेट होती. कुस्तीचं सगळं शूटिंग. ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं.

मंडळी खुशीत होती. तात्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "पुरी हाय का कुस्ती?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत, तात्या."

त्या दिवसापासून तात्यांनी टीव्ही लावला नाही.

दोन दिवसांनी ते मला म्हणाले, तुमी बारामतीला जाताच हाय तर मला त्या स्टुडिओत घिऊन चला. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. स्टुडिओवाला चाळिशीतला, हौशी माणूस. त्याने आदराने खुर्ची दिली. तात्या खुर्चीच्या कडेवर बसले आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. कॅसेटला बुरशी आली असेल ना? थोडी होती, पण साफ केली. रंग उडाले असतील? थोडे, पण माणसं ओळखू येतात. मधे कुठं तुटली असेल? नाही, एकसंध आहे. बिचाऱ्याला वाटलं, तात्यांना कॅसेटची काळजी आहे. तो म्हणाला, थांबा, आत्ताच दाखवतो, आणि कॉम्प्युटरकडे वळला.

तो वळेपर्यंत तात्या रस्ता ओलांडून पलीकडच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात जाऊन उभे होते. चपला स्टुडिओतच राहिल्या होत्या. मी त्या हातात घेऊन गेले. तात्या घाण्याच्या घुंगरांकडे बघत होते. म्हणाले, "बंद करायचं दुसऱ्याच्या हातात हाय, बाई, आता."

येताना कालव्याच्या पुलाशी त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. सूर्य खाली आला होता. उसाला तुरे आले होते आणि वाऱ्याने सगळं शिवार एकदम एकीकडे झुकायचं, मग सावकाश सरळ व्हायचं. पाणी इतकं हळू चाललं होतं, की आपणच मागे सरकतोय असं वाटत होतं. तात्या कठड्याला टेकून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मला घरी पोचून डबा करायचा होता, पण तेही मी विसरले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "रविवारी माझ्यासंगं बावड्याला याल का? येकट्याला जमायचं न्हाय."

रविवारी सकाळी आम्ही एसटीने इंदापूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीने बावड्याला गेलो. तात्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर डाळिंबांची पिशवी. धुकं अजून उठलेलं नव्हतं, आणि खिडकीतून झाडं, विहिरी, उसाच्या गाड्या अर्ध्याच दिसायच्या आणि जायच्या. एकदा कोणा मेंढपाळाची मेंढरं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली, तेव्हा तात्या वळून वळून शेवटचं मेंढरू जाईपर्यंत बघत राहिले.

यशवंतराव अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. एवढा मोठा माणूस, पण गुडघे गेलेले. खाटेला वॉकर टेकवून ठेवला होता. त्यांच्या सुनेने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि मला बाजूला सांगितलं, की मामांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून लावत नाहीत. मोठ्याने बोलावं लागेल.

यशवंतरावांना तात्यांची ओळख पटायला क्षणभर लागला. मग त्यांनी खाटेवर बाजूला सरकून जागा केली. तात्या बसले. दोघंही समोरच्या गोठ्याकडे बघत राहिले. सुनेने चहा आणला, तो पिऊन झाला. डाळिंबं देऊन झाली. आणि मग तात्या खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

"काय?" यशवंतराव म्हणाले.

तात्या पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. यशवंतरावांनी कानामागे हात धरला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांना आता ओरडून सांगायची होती. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला.

"माझी पाठ लागली हुती," तात्या म्हणाले. शेजारच्या नळावर भांडी घासणाऱ्या दोन बायका थांबून इकडे बघायला लागल्या. "जत्रंत. तू मला खाली घेतलंस तवा माझी पाठ मातीला टेकली. पंच तिकडं भांडणं लागली ती बघत हुतं. त्यांस्नी दिसलं न्हाय. मी लगीच पालटलो आन् उठलो. ती कुस्ती बरोबरीची न्हवती. ती तुझी हुती."

गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघत होती. मी जमिनीकडे नजर लावली.

यशवंतरावांनी डाळिंब हातात फिरवलं. "दोन्ही खांदं लागलं हुतं," ते म्हणाले. "मला ठावं हाय. तवा माजं कान चांगलं हुतं आन् डोळं बी."

तात्या त्यांच्याकडे वळले. "मग बोलला का न्हाईस?"

यशवंतरावांना हे ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. "तुजा बाप समोर हुता," ते म्हणाले.

तात्यांनी लगेच मान हलवली. "आबा न्हवतं आलं."

तात्यांचे वडील, आबा, आयुष्यभर मेंढरांमागे चालले. पोराने तालमीत जावं हे त्यांना कधी पटलं नाही. चालणाऱ्यांच्या घरातलं पोर एका जागी माती उकरत बसतं, असं म्हणायचे. त्यावरून बाप-लेकात अबोला झाला तो शेवटपर्यंत पुरता गेला नाही. त्या कुस्तीनंतर दोनच वर्षांत आबा वारले, आणि आपल्या बापाने आपली एकही कुस्ती बघितली नाही, हे तात्या धरून चालले होते. हे सगळं मला त्या दिवशी परतीच्या गाडीत कळलं. तिथे खाटेवर तात्या फक्त एवढंच म्हणाले, की आबा तेव्हा मेंढरं घेऊन लांब होते.

"लांब न्हवता," यशवंतराव म्हणाले. "त्याची मेंढरं तवा माज्याच रानात बसली हुती, खतासाठी. दर साली यायचा त्यो. तुजंच बोलायचा की, सोपाना. माजा पोरगा असा न् माजा पोरगा तसा. मला म्हनला, म्या येनार हाय बघाय, पर त्याला सांगू नगंस, त्याला भ्या वाटंल. मेंढरांपाशी दुसऱ्याला ठिवून चालत आला." ते थांबले. "म्या तुला खाली घेटलं आन् मान वर केली, तर समोर त्यो. तू माज्या खाली हाईस हे त्याला त्या धुरळ्यात दिसंना. त्याला वाटलं, तूच वर हाईस. दोनी हात वर करून उड्या मारत हुता, येड्यावानी. मला बाप न्हवता. म्या त्याला बघत बसलो आन् माजी पकड ढिली झाली."

सूनबाई दारात उभी होती. तात्यांनी टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातली. मग ते म्हणाले, की सत्काराच्या दिवशी मी माइकवर खरं सांगून टाकतो. यशवंतरावांना ते तीनदा सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी नको अशी मान हलवली. त्या लोकांनी हार आणलेत, नारळ आणलेत, त्यांचा कार्यक्रम कशाला बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

परतीच्या गाडीत तात्या मला आबांबद्दल सांगत होते आणि मधेच थांबत होते. आबांचा एकही फोटो घरात नव्हता. चेहरा आता नीट आठवत नाही, म्हणाले; नुसती चाल आठवते, लांबून येताना दिसायची ती. यशवंतरावांवर त्यांचा विश्वास बसत होता आणि बसत नव्हता. "वय झालंय त्याचं," ते म्हणाले. "कुणाला बी बघितलं असंल त्यानं. मला बरं वाटावं म्हणून बी म्हणाला असंल." आणि थोड्या वेळाने, इंदापूर आल्यावर, म्हणाले, "पर घोंगडीवाला माणूस वळकायला काय अवघड हाय?"

सत्कार इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात होता. दुपारची वेळ, पण पडदे लावून आत अंधार केला होता. हौसाकाकी, मी, आणि जावई-मुलगी दुसऱ्या रांगेत. पुढच्या सोफ्यावर तात्या आणि यशवंतराव शेजारी शेजारी. यशवंतरावांचा वॉकर मधे. भाषणं झाली. मग समोरच्या पडद्यावर मुंग्या दिसायला लागल्या, रेघा गेल्या, आणि मग एकदम ती लाल माती उजळली.

काय सांगू, त्या दोन तरुणांकडे बघून मला स्वप्न बघत असल्यासारखं वाटलं. रंग विटलेले, सगळं जरा निळसर, जरा पाण्याखाली चाललंय असं. हलगीचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. ते एकमेकांना भिडायचे, सुटायचे, माती उचलून एकमेकांच्या खांद्यावर टाकायचे. मला यातलं काही कळत नाही, पण ते सुंदर होतं. मागून लोक डावांची नावं सांगत होते. तात्यांची मान सरळ होती. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

यशवंतरावांनी पकड घातली. दोघं खाली आले. धुरळा उठला. आणि नेमका तेव्हाच कॅमेरा वळला आणि प्रेक्षकांवर गेला.

सगळं कार्यालय हळहळलं. मागून कोणीतरी म्हणालं, आरं, मैदान दाखव. स्टुडिओवाला उभा राहून कानकोंडा होऊन सांगायला लागला, की आमचे वडील गर्दीचंच शूटिंग जास्त घ्यायचे, कारण नंतर कॅसेट बघायला गर्दीतलीच माणसं यायची. लोक हसले. पडद्यावर फेटे होते, टोप्या होत्या, झाडावर चढलेली माणसं होती. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश सरकत होता.

मग तो एका जागी थांबला. सगळ्यांच्या मागे, बैलगाडीवर उभा राहिलेला एक उंच, वाळका माणूस. खांद्यावर घोंगडी. दोन्ही हात वर. तोंड उघडं, आणि तो उड्या मारत होता, आणि दर उडीला घोंगडी खांद्यावरून घसरत होती नि तो ती न बघताच सावरत होता. शेजारच्या माणसाला तो हाताने मैदान दाखवत होता आणि काहीतरी सांगत होता. आवाज येत नव्हता. पण काय सांगतोय ते कळत होतं.

फार वेळ नाही, पाच-सहा सेकंद असतील. कॅमेरा पुन्हा मैदानावर आला तेव्हा दोघं उठून उभे होते आणि थोड्याच वेळात पंचाने त्यांचे हात वर धरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदे उघडले, ऊन आत आलं, आणि माइकवरून सोपानतात्यांचं नाव पुकारलं गेलं. तात्या उठले नाहीत. मग यशवंतरावांचं नाव पुकारलं. तेही उठले नाहीत. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. निवेदकाने दोघांची नावं पुन्हा एकदा, मोठ्याने घेतली. मागे कोणीतरी म्हणालं, दोघांचे पण कान गेलेत वाटतं.

मी पुढे वाकून तात्यांच्या खांद्याला हात लावला. पडद्यावर आता काहीच नव्हतं, नुसतं पांढरं कापड, तरी ते तिकडेच बघत होते. यशवंतरावांनी वॉकरवरून हात पलीकडे नेऊन त्यांचं मनगट धरलं होतं.

"बघितलंस?" यशवंतरावांनी विचारलं.

तात्यांनी मान डोलावली.

"आबा माझ्यापरीस तरणं हुतं," ते म्हणाले, आणि यशवंतरावांना ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा एकदा म्हणाले.